फुग्याशेजारचा फुगा

२७ सप्टेंबर

चौदा तास झाले! कालचे अडीच धरून. पाच-पाच मिनिटांच्या एकशे अडुसष्ट प्लेटी. प्लेट नाही, फाइल म्हणायचं — लेक दर वेळी सुधारते. पण चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढले, आता या वयात जीभ कुठे वळायची!

दुपारी सगळ्या कॉम्प्युटरवर एकावर एक रचल्या. आणि अगं बाई, दिसला! शेजारच्या दीर्घिकेच्या एका हाताच्या टोकाशी असलेला वायूचा फुगा. एकेकट्या प्लेटीत नुसता डाग असतो, पाणी सांडून वाळल्यासारखा. चौदा तासांत त्यानं अंग धरलं. कडा आल्या. आतल्या पोकळ्यासुद्धा — एक मोठी आणि तिला बिलगून लहान लहान, फेसासारख्या. आत दोनशेच्या आसपास तरणेबांड तारे आहेत म्हणे, आणि असे तापट की भोवतालच्या वायूला स्वस्थ बसू देत नाहीत. ढकलून ढकलून पोकळी केली, वर त्याला पेटवलंही. रुंदी दीड हजार प्रकाशवर्षं. माझ्या पडद्यावर वाटाण्याएवढा.

हा उजेड निघाला त्याला सत्तावीस लाख वर्षं झाली. वाटेत कुठे अडला नाही, कशाला धडकला नाही, आणि शेवटी पडला कुठे — आमच्या गच्चीवरच्या आठ इंची आरशात! नशीब कुणाचं म्हणायचं, त्याचं की माझं?

आमच्या ह्यांना हाक मारली. शिंपीबुवा वर आले, चष्मा कपाळावर, ओठांत टाचण्या. वाकून बघितलं. "छान आहे," टाचण्यांमधून म्हणाले. "लाल बरा आलाय." आणि परत खाली, मशीनवर.

लाल बरा आलाय! जसं काही मी अस्तर निवडून आणलंय.

२९ सप्टेंबर

ढग. नुसते ढग.

५ ऑक्टोबर

पावणेतीन तास मिळाले. एकूण पावणेसतरा.

दुर्बीण रोज अगदी त्याच जागी लावते मी. खुणेचा तारा पडद्यावरच्या फुलीवर, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. इंटरनेटवरचे लोक एवढं करत नाहीत, दर वेळी थोडं हललेलं चालतं म्हणतात. मला नाही चालत. पेशंट दुसऱ्यांदा आला की पहिल्या वेळी होता तस्साच उभा करायचा, हनुवटी तिथेच, खांदे तिथेच — म्हणजे दोन्ही प्लेटी एकमेकींवर ठेवून डॉक्टरांना बघता येतं. हललेली, डागाळलेली प्लेट कधी खोलीबाहेर जाऊ दिली नाही. 'रीटेकबाई' म्हणायचे मला सगळे. तोंडावर नाही, पण मला ठाऊक होतं. शिकाऊ पोरी वैतागायच्या. मी त्यांना म्हणायचे, डाग प्लेटवरचा की पेशंटमधला, आधी ते बघ. मग खुशाल घाबर.

कॅमेरा मार्चपासून दुर्बिणीवरून उतरवलेला नाही. एकदा काढला की पुन्हा सगळं जुळवत बसा! घरात सक्त ताकीद आहे, गच्चीवरच्या खोक्याला हात लावायचा नाही. खोकं म्हणजे सरकत्या छपराची खोली — माणूस एक आणि दुर्बीण एक, एवढीच जागा.

कोरी प्लेट मात्र ऑगस्टमध्येच काढून ठेवलीय. त्यासाठी शिंपीबुवांनी पांढरी टोपी शिवून दिली होती, दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवायची. इलॅस्टिक असं घातलंय की एक सुरकुती नाही! त्या टोपीवर सगळीकडे सारखा उजेड पाडायचा आणि फोटो काढायचा. कोपरे कुठे काळवंडलेत, काचेवर कुठे कण बसलाय, सगळं त्यात येतं. मग जिथे उजेड कमी पडला तिथे कॉम्प्युटर तेवढाच वाढवून देतो. एकदा काढली की वर्षभर निर्धास्त. कॅमेरा हललाच नाही तर बदलणार काय!

८ ऑक्टोबर

उद्या लेकीकडे. तीन रात्री! चंद्र नाही, हवा काचेसारखी, आणि मी जाऊन बसणार तिच्या सोफ्यावर. "आई, तो फुगा सत्तावीस लाख वर्षं थांबलाय, तीन दिवस थांबेल," म्हणाली. बोलायला कुणावर गेलीय कोण जाणे. माझ्यावरच.

शिंपीबुवा येत नाहीत. दोन कोट द्यायचेत म्हणे.

१२ ऑक्टोबर

परत आले. जेवणसुद्धा उरकतं घेतलं आणि वर. पहिल्याच प्रयत्नात तारा फुलीवर! सगळं जिथल्या तिथे. तीन दिवसांत इकडे कुणी फिरकलंही नसेल.

सव्वातीन तास. वीस पूर्ण.

१९ ऑक्टोबर

सात रात्रींत एकच वाया. एकूण सदतीस तास! अशी हवा सहा वर्षांत बघितली नाही.

मी वर जाते तेव्हा शिंपीबुवा झोपायला निघतात. मी उतरते तेव्हा ते चहा टाकतात. आमची भेट पहाटे पाचला, ओट्याशी.

"काय म्हणतंय आकाश?"

"बरं आहे."

"बरं."

सहा वर्षं हेच बोलतोय. माणूस फार चांगला आहे. पण आकाशाचं वेड नाही. ज्याचं त्याचं असतं. त्यांच्या हातची काजं मात्र बघावीत! काल एका कोटाचं काज भिंगाखाली धरून बघितलं. टाका न् टाका सारखा. भिंग सरकवत बघत राहिले, गिरणीतून निघाल्यासारखा एकेक. म्हटलं, मी चुकून आकाशाकडे वळले, हे खाली घरातच होतं.

२४ ऑक्टोबर

घाईघाईत लिहितेय, अक्षर तसंच येणार.

बारा तारखेनंतरच्या प्लेटी सगळ्यांत स्वच्छ, म्हणून आज नुसत्या त्याच रचल्या. फुगा असा उजळून आला की मी खुर्चीत मागे झाले. आणि मग डावीकडे नजर गेली.

तिथे अजून एक आहे!

फिकट. फार फिकट. पण आहे. कंपासने काढल्यासारखं गोल कडं, आत पोकळ, माझ्या फुग्याच्या दुप्पट. पडद्याचा उजेड कमी केला, वाढवला, डोळे धुऊन आले, पुन्हा बघितलं. आहे! किती सुंदर आहे! माझा फुगा धसमुसळा, कुठे फाटलेला, कुठे गाठ आलेला. आणि हे शेजारी इतकं शांत. जसं कुणी काचेवर श्वास सोडावा आणि बोटानं गोल काढावं.

कुणालाही सांगितलेलं नाही. आधी खात्री.

२५ ऑक्टोबर

नकाशे बघितले. इतरांचे फोटो बघितले, पन्नास तरी. कुणाकडे नाही.

बारा तारखेआधीच्या माझ्या प्लेटींतही नाही. पण त्या रात्री हवा धुरकट होती. इतकं फिकट कुठून यायचं त्यात!

वेधशाळेतल्या बाईंना फोटो पाठवला. तीन वर्षांपूर्वी लायब्ररीत त्यांचं भाषण झालं तेव्हापासून माझ्या वेड्यावाकड्या शंकांना उत्तरं देतात. माझ्या लेकीहून लहान आहेत. पत्र चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच लिहिलं — डावीकडे बघा.

२८ ऑक्टोबर

बाईंचा फोन! मी ओले हात तसेच घेऊन धावले.

"काकू, हा फोटो तुम्ही गच्चीवरून काढला?"

"हो. का, बिघडलाय?"

"बिघडलाय कसला! आमच्याकडच्या पोरांना दाखवला मी, म्हटलं शिका जरा. आणि ते डावीकडचं कडं..."

"तेच विचारायचं होतं. काय आहे ते?"

"मला माहीत नाही."

इतक्या सहज म्हणाल्या! एवढं शिकलेलं माणूस, आणि 'मला माहीत नाही' म्हणताना जीभ अडखळत नाही. चौतीस वर्षांत असा डॉक्टर एकच भेटला होता.

चौदा नोव्हेंबरला त्यांना डोंगरावरची मोठी दुर्बीण मिळणार आहे, अर्धी रात्र. वर्षभर रांगेत थांबल्यावर! स्वतःच्या कामातून त्या माझ्या कड्यासाठी वेळ काढणार.

"एक तास देते, काकू."

"एक तास?" मी.

"अहो, याहून जास्त नाही हो जमणार!"

त्यांना वाटलं मी कुरकुर करतेय. मी तर पाच मिनिटंसुद्धा मागितली नसती.

१ नोव्हेंबर

लेकीला सांगितलं ते चुकलं. तिने जगाला सांगितलं. तिच्या दाताच्या डॉक्टरला ठाऊक आहे! तोंडात यंत्र असताना कसं सांगितलंन, देव जाणे. कोपऱ्यावरचा दुकानदार साबण देताना म्हणतो, "मग काय, नाव काय ठेवणार फुग्याचं?" मी म्हटलं, आधी साबण दे. पण गालातल्या गालात हसू काही जाईना. दोन दिवस पाय जमिनीला लागत नाहीयेत.

शिंपीबुवांनी आज स्वतःहून फोटो मागितला. खिडकीशी नेला. बराच वेळ बघत होते.

"फार गोल आहे," म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... इतकं गोल येत नाही. आपोआप."

"तुम्ही कापलेलं नाहीये ते!"

बोलून गेले. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, वर कात्री ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

८ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

बाईंना एक नीट फोटो द्यावा, कडं मधोमध घेऊन, असं मनात आलं. एवढा तास देताहेत, आपण निदान जागा तरी नेमकी दाखवावी. म्हणून महिन्याभरात पहिल्यांदा दुर्बीण फुलीवरून हलवली. जरा डावीकडे.

तीन तास काढले. आत्ता रचून बघितले.

माझा फुगा उजवीकडे सरकला, सरकायलाच हवा. तारे सरकले. सगळी दीर्घिका सरकली. कडं जागच्या जागी. पडद्याच्या त्याच कोपऱ्यात, त्याच अंतरावर. खाली ना तारा तो, ना वायू तो, आणि हे आपलं तसंच बसलेलं.

मी दुर्बीण जिकडे नेईन तिकडे ते माझ्यामागे येणार. चंद्रावर नेली तर चंद्रावर, शेजाऱ्याच्या टाकीवर नेली तर टाकीवर.

डाग प्लेटवरचा. पेशंटमधला नाही.

रोज जर थोडी हलू दिली असती — त्या इंटरनेटवरच्या गबाळ्या लोकांसारखी — तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. माझ्याच नेमकेपणानं मला तोंडघशी पाडलं. रीटेकबाई!

९ नोव्हेंबर

दुर्बिणीच्या तोंडातून टॉर्च मारून कॅमेऱ्याची काच बघितली. लख्ख. ऑगस्टच्या कोऱ्या प्लेटीत जो कण होता तो नाहीच तिथे. म्हणजे असं झालं — कणामुळे तिथे उजेड कमी पडतो असं समजून कॉम्प्युटर बिचारा इमानानं वाढवून देतोय. आणि कण तर निघून गेलाय! म्हणून कणाच्या सावलीच्या जागी उजेडाचं कडं.

शिंपीबुवांना सांगितलं. वाटलं होतं, डोक्यावरून जाईल. मशीन थांबवलं, पूर्ण ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता, म्हणून कोटात गादी भरली. पुढे खांदा झाला सरळ, गादी राहिली तशीच. मग कोटाला कुबड दिसणार."

याहून नीट कुणी सांगून दाखवावं! मी अर्धं पान खर्च केलं वर.

मशीन मात्र त्यांनी परत सुरू केलं नाही.

चौदाच्या आत बाईंना सांगायला हवं.

१० नोव्हेंबर

फोन केला नाही.

११ नोव्हेंबर

आजही नाही. दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत ठेवला.

लेक म्हणते, "आई, बघू दे ना त्यांना. नाही दिसलं तर म्हणतील फार फिकट असेल. तुझं नाव कशाला खराब होतंय?"

"आणि त्यांचा तास?"

"एक तास गं! कोण मोजतंय?"

वर्षभर रांगेत थांबलेलं माणूस मोजतंय. पण खरं लिहायचं तर — हे वहीपुरतं — लेक जे बोलली ते माझ्या मनात तिच्याआधी येऊन गेलं होतं. काल दुपारी, भांडी पुसताना. कुणाला कळणार आहे! दाताच्या डॉक्टरपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना परत सांगायचं, की नाही हो, धुळीचा कण होता.

आमच्या खात्यात एकदा माझ्या रजेच्या दिवशी डागाची प्लेट पुढे गेली होती. त्या माणसानं तीन आठवडे काढले, छातीत काहीतरी आहे म्हणून. बायको रोज येऊन बाकावर बसायची. पुन्हा काढल्यावर काही निघालं नाही, सगळे हसले, सुटका झाली. पण ते तीन आठवडे त्यांना कुणी परत दिले?

उद्या. सकाळी. चहाच्या आधी.

१२ नोव्हेंबर

केला.

"बाई, ते कडं खोटं आहे. धूळ आहे. माझी चूक. तुमचा तास तुमच्या कामाला वापरा." एका दमात. कागदावर लिहून घेतलं होतं.

पलीकडून हसू. पण कुत्सित नाही, मनमोकळं.

"काकू, कसं पकडलंत?"

सांगितलं सगळं.

"म्हणजे स्वतःच दुर्बीण हलवली, स्वतःच पकडलं, आणि स्वतःच फोन केला."

"चार दिवस लागले फोनला," मी म्हटलं. हेही सांगून टाकलं.

"मला पाच महिने लागले होते! नवी नवी होते तेव्हा एक तारा मंद होताना दिसायचा मला, दर काही रात्रींनी. सगळ्यांना सांगितलं, भाषण दिलं. कोळी होता, काकू. दुर्बिणीत राहायला आलेला. फिरायला निघाला की माझा तारा मंद!"

दोघी हसलो. डोळ्यांत पाणी येईतो. खऱ्या फुग्याचा फोटो कोरी प्लेट नव्याने काढून पुन्हा पाठवा म्हणाल्या, त्यांना भिंतीवर लावायचाय. खोटं कडं दाखवणाऱ्या बाईचा फोटो! एवढ्या मोठ्या मनाची माणसं असतात.

ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण काकू, कण गेला कुठे? मार्चपासून चिकटलेला कण असा आपणहून उडत नाही. कुणी काच पुसली का?"

"छे! त्याला कुणी हातच लावत नाही."

१३ नोव्हेंबर

दिवसाउजेडी वर गेले. नव्या कोऱ्या प्लेटीसाठी पांढरी टोपी बसवत होते, ऊन तिरपं येत होतं. कॅमेऱ्याच्या गळ्यावर एक रेघ दिसली. पांढरी. केसासारखी बारीक. कॅमेऱ्यावरून निघून दुर्बिणीच्या नळीवर उतरलेली, सांध्यावर अजिबात न तुटता. फोकसच्या नळीवर तशीच दुसरी.

बोट लावलं. पांढरी भुकटी आली बोटावर.

खडू. या घरात असा टोकदार खडू एकाच माणसाच्या खिशात असतो. दोन भाग वेगळे करायच्या आधी जुळणीची खूण करायची आणि पुन्हा खुणेवर खूण ठेवून बसवायचे. बाही बसवतात तशी. म्हणून बारा तारखेला तारा पहिल्याच झटक्यात फुलीवर आला होता. कॅमेरा निघाला होता आणि परत बसला होता, आणि मला, मला, पत्ता लागला नव्हता!

रागावू की पाया पडू, ठरेना.

१४ नोव्हेंबर

पहाटे पाच. ओटा. चहा.

"कॅमेरा तुम्ही काढला होता?"

"हो." आढेवेढे नाहीत. "तू लेकीकडे गेलीस तेव्हा. दुसऱ्या रात्री."

"कशाला?"

"बघायला. तुझा फुगा."

"अहो, फोटो दाखवतेच की मी!"

"फोटो दाखवतेस. मला डोळ्यानं बघायचं होतं." कप फिरवत राहिले. "तुझ्या दुर्बिणीला डोळा लावायला जागा नाही. सदा कॅमेरा. डब्यात ते भिंग होतं, डोळ्याला लावायचं, ते बसवलं. बाकी कुठलं बटण दाबायचं ते तूच भिंतीवर लिहून ठेवलंयस, एक ते अकरा. कॅमेऱ्याच्या काचेवर कचरा दिसला, तर फुंकर मारून पुसला, चष्म्यासारखा. तुझं काम वाढू नये म्हणून खुणा केल्या. त्या दिवशी तू सांगेपर्यंत मला काय माहीत, त्या पुसण्यानं एवढं रामायण होईल! पाच दिवस वाट बघतोय, तू कधी ओरडतेस."

"पण मग मला म्हणायचं, वर यायचंय म्हणून!"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, अगदी हळू, तक्रार म्हणून नाही, "तू कधी म्हणालीस, चला?"

आठवून बघितलं. सहा वर्षं. खोली माणूस एक आणि दुर्बीण एक एवढीच, हे माप मीच दिलं होतं सुताराला.

चहा निवला.

"दिसला का?" मी विचारलं.

"आधी नाही. अर्धा तास नुसता काळोख. मग आला. सरळ बघितलं की जायचा, शेजारी बघितलं की यायचा. दिवे गेल्यावर सुई ओवतो ना मी, तेव्हा नेढ्याकडे बघत नाही, जरा बाजूला बघतो. तसं केलं." आणि मग हसले, लहान मुलासारखे. "लाल नाही गं तो. राखाडी आहे. पण आहे!"

अंधुक वस्तू बाजूच्या नजरेनं बघायची, हे मी जाड पुस्तकात वाचलं, दोनदा, खाली रेघ मारून. ह्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

चंद्र मावळल्यावर कॅमेरा मीच उतरवला. आज प्लेटी शून्य. शिंपीबुवांना उभं राहता यावं म्हणून स्टूल बाहेर काढलं, तरी दोघांची कोपरं एकमेकांना लागतच होती.

काल दिवसभर एकच डोक्यात — साठ तास मी त्या फुग्याचे फोटो काढले, आणि स्वतःच्या डोळ्यानं तो कधी बघितलेला नाही. एकदाही नाही. या घरात तो फुगा पाहिलेलं माणूस एकच आहे, आणि ते मी नव्हे.

डोळा लावला. काळोख. दहा मिनिटं. वीस.

"मला नाही हो दिसत."

"सरळ बघू नकोस. जरा इकडे — माझ्या बाजूला बघ."

बघितलं.